डावा घोडा

डगमोर आणि मुलगा, बंदूकवाले
बर्मिंगहॅम
१४ ऑक्टोबर १९९६

प्रिय क्लेम,

इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे मी, बाबा आणि वरच्या मजल्यावर बंदुकीचे लाकडी दस्ते करणारा नॉर्मन पगेट. नॉर्मन घरचा नाही, पण चहा घरच्यासारखा पितो. तिकडे टास्मानियात तू आणि तुझी झाडं खुशाल असाल असं धरून चालते.

तुझं ऑगस्टचं पत्र पोचलं. सफरचंदाच्या छाटणीवर दीड पान आणि शेवटी 'मी बरा आहे.' झाडांची खुशाली सविस्तर कळली, आनंद वाटला. पुढच्या वेळी थोडी अदलाबदल केलीस तरी चालेल.

गल्लीची बातमी अशी, की समोरचं स्प्रिंगवाल्याचं दुकान पाडलं आणि तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली. एके काळी या वस्तीत नळीवाला, कळवाला, दस्तेवाला, नक्षीवाला असे सगळे हाकेच्या अंतरावर होते, आणि एक बंदूक पुरी होईपर्यंत दहा दारं हिंडायची. आता आम्ही मूठभर उरलोय. बाकी मोटारी. आपल्या पाटीवर अजून 'डगमोर आणि मुलगा' असंच आहे. मुलगा सफरचंदं पेटीत भरतो आणि दुकान मुलगी चालवते, पण पाटी बदलायचं नाव काढलं की बाबा म्हणतात, "अक्षरं चांगली आहेत, बये, उगीच खरवडायची कशाला?"

बाबांची तब्येत चौऱ्याऐंशीच्या माणसाची असावी तशी आहे. छाती थोडी घरघरते. दिसत जवळजवळ नाहीच, पण ते तसं म्हणत नाहीत. अलीकडे बर्मिंगहॅमात धुकं फार वाढलंय, अशी त्यांची तक्रार असते. घरातसुद्धा.

आता एक किरकोळ बातमी. दुकानाच्या भिंतीला रंग द्यायचा म्हणून मी खिळ्यावरच्या त्या बंदुकीच्या नळ्या उतरवल्या. रंग देऊन झाला. नळ्या परत टांगल्या नाहीत.

कुठल्या नळ्या, ते तुला सांगायला नको. पण त्यांची गोष्ट आता कुठल्या कुठे पोचलीय ते तुला माहीत नसणार. तू गेलास तेव्हा ती अगदी अंगणवाडीत होती. दर नोव्हेंबरात आम्हा बंदूकवाल्यांचं जेवण असतं. आधी मटण, मग पुडिंग, मग बाबांची गोष्ट. हा क्रम राजगादीच्या क्रमापेक्षा पक्का आहे. बाबा खुर्चीला धरून उभे राहतात.

"माझ्या आजोबांनी केलेली दुनळी," ते सुरू करतात, "दोन घोड्यांची, जुन्या घाटाची. कर्नलसाहेबांनी तिच्यावर मोटारीचं दार आपटलं. डाव्या नळीला बाहेरच्या अंगाला पडला पोचा! आतला गंज काढून नळ्या पोखरून दिल्या मी. पोचा काढायला दिला माझ्या पोराला. पोरानं नळीत गट्टू घातला आणि वरून हातोडी. पोचा निघाला, पण निघता निघता आलं टेंगूळ. आता टेंगूळ लपवायचं कसं? कानस घ्या आणि घासा! नळी राहिली कागदाएवढी. तशीच गेली प्रूफ हाउसला, परीक्षेला. तिथे त्यांनी नेहमीपेक्षा जबर दारू भरून बार काढला, आणि आमची डावी नळी बेडूक गिळलेल्या सापासारखी फुगून घरी आली!"

हशा. साप गेल्या काही वर्षांतला आहे, पूर्वी नुसताच फुगवटा असायचा. मग बाबा बोट वर करतात. "आणि नळीच्या पोटाखाली ठसा कुणाचा? सी. डी.! क्लेमेंट डगमोर! गुन्हा करून सही ठेवणारा असा एकच चोर मी पाहिला." पुन्हा हशा. आपल्याकडची रीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. नळी बाहेरून घासून पुरी करतो तो तिच्या पोटाला, लाकडाआड, आपल्या आद्याक्षरांचा ठसा मारतो. पुढे काही बिघडलं की ठसा बघायचा आणि त्या माणसाकडे बोट दाखवायचं.

कर्नलला तेव्हा दुसरी बंदूक देऊन गप्प केलं. ही आपल्याकडेच राहिली. नळ्या धडा म्हणून भिंतीवर, बाकीची फडक्यात गुंडाळून कपाटात.

मी ती बंदूक पुरी करणार आहे. विचारत नाहीये, कळवतेय. आपल्या पणजोबांनी जिच्यावर डोळे घालवले ती बंदूक पुडिंगनंतरचा विनोद म्हणून आणखी किती वर्षं लटकणार?

तुझी,
बेरिल

ता. क. कपाट उघडलं. दस्ता, चाप, घोडा उडवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कळा, सगळं नीट सापडलं. बहुतेक सगळं.


बर्मिंगहॅम
२४ नोव्हेंबर १९९६

प्रिय क्लेम,

थंडी पडली आहे. फुटबॉलात व्हिला हरली आहे. नॉर्मनला दोन्हींचं सारखंच दुःख आहे. बाबांचा खोकला चालू आहे, पण डॉक्टर बाईंनी नुसतं 'बघू' म्हटलंय, म्हणजे मीही बघतेच आहे.

बंदुकीचं सांगते. दस्त्यावर तीस वर्षांचं मेण, धूळ आणि कपाटाचा वास होता. सगळं पुसून काढलं तेव्हा खालून तो अक्रोड निघाला. तुला आठवतो का? मधासारखा रंग, आणि त्यात काळ्या रेषा, कुणीतरी काजळाचं बोट ओढून पुढे गेल्यासारख्या. आता रोज तळहातानं जवसाचं तेल जिरवतेय. थेंबभर तेल आणि हात गरम होईपर्यंत चोळणं. नॉर्मन म्हणतो, नवऱ्याला असं चोळलं असतंस तर तो टिकला असता. मी म्हटलं, तो अक्रोडाचा नव्हता.

कळा उघडल्या. आतल्या स्प्रिंगा अजून अशा जिवंत आहेत, की एक सुटून थेट नॉर्मनच्या कपात गेली. काडतुसावर आपटणारा तो उजवा घोडा साफ केला. काय मान आहे त्याची! मागे वळलेली, जणू कुणी हाक मारली आणि त्यानं वळून पाहिलं. त्याच्या गालावरची वेल आपल्या पणजोबांच्या वेळच्या नक्षीवाल्यानं कोरली, आणि एकही पान दुसऱ्यासारखं नाही.

मग नळ्या घेतल्या. या नळ्या म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केलेल्या. वरून नुसत्या काळ्या दिसतात, पण थोडं आम्ल फिरवलं की आतली वीण वर येते, बारीक विणलेल्या स्वेटरसारखी. मला धातू वाचायचा होता म्हणून मी ती वर आणली.

डाव्या नळीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे कर्नलचं दार आपटलं होतं, तिथे वीण किंचित पसरली आहे. स्वेटरच्या कोपराला पसरते तशी. म्हणजे पोचा तिथेच होता आणि तिथेच उचलला गेला. मी मापणी लावली. नळीच्या भिंतीची जाडी सांगणारी ती लांब चिमट्यासारखी, तुझ्याच बाकाच्या खणातली. पोच्याच्या जागी भिंत जाड आहे, क्लेम. चांगली जाड. उचललंय इतकं हळुवार, की वीण पसरली नसती तर पोचा कुठे होता ते मला सापडलंही नसतं.

फुगवटा तिथे नाहीच. तो खाली आहे, नळीच्या पोटाकडे. पाव वळसा पलीकडे.

मी दोनदा मापलं. मग हात धुऊन परत मापलं. पोटाच्या बाजूला एक लांब पट्टा पातळ आहे, फुगवट्याच्या बराच आधी सुरू होऊन त्याच्या पुढे जाणारा. बाहेरची रेषा सरळ आहे. आतलं भोक वाट चुकलंय. आता नळ्या आतून कोण पोखरायचं, ते मी लिहीत नाही. बाहेरच्या माणसाचा ठसा असतो, आतल्याचा नसतो. आत कोण बघायला जातं?

आणि तीस वर्षं कुणाला कसं दिसलं नाही, हेही मला कळलं. नळ्या खिळ्यावर होत्या तेव्हा फुगवटा भिंतीकडे होता. टांगल्या कुणी होत्या, आठवतंय ना.

हे मला जेवणाच्या चार दिवस आधी समजलं. म्हणून जेवणाला मी बाबांच्या शेजारी बसले. मटण झालं. पुडिंग आलं. बाबांनी खुर्चीचा हात धरला.

"बाबा," मी म्हटलं, "या वर्षी गोष्ट मी सांगू का?"

माझ्या आवाजात काही नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. पण ते अर्धवट उठलेले तसेच थांबले, माझ्या दिशेनं तोंड करून. त्यांना धुक्यात काय दिसलं कोण जाणे. मग हळूच बसले.

"नको," ते म्हणाले. "गार होतंय. पुडिंग खा."

टेबलावर असा शुकशुकाट झाला, जसं राष्ट्रगीत सुरू होता होता वाजवणाराच झोपला. नॉर्मन बाहेर पडताना मला म्हणाला, "म्हाताऱ्याची एवढी एकच करमणूक, तीही घालवलीस?" मी म्हटलं, "गोष्ट कुठे गेलीय? तिचा शेवट दुरुस्तीला आलाय."

तू यावर काहीतरी लिही. सफरचंदांबद्दल लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

बेरिल


बर्मिंगहॅम
१९ जानेवारी १९९७

प्रिय क्लेम,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. बाबांचं अंथरूण खाली बैठकीत आणलंय. जिन्याचा त्रास होतो म्हणून, दुसरं काही नाही.

तुझं पत्र पोचलं. एकही सफरचंद नसलेलं पहिलं पत्र. दोनच ओळी. 'राहू दे, बेरिल. माझाच हात जड होता, मला माहीत आहे. तीस वर्षं झाली.'

राहू देणार नाही.

तुझा हात जड नव्हता. मी तुला धातूचं मोजमाप पाठवलं आणि तू मला तुझं मत पाठवतोस? एकोणिसाव्या वर्षी कुणी तुला सांगितलं, आणि तू ते खिशात घालून जगाच्या तळाशी जाऊन बसलास. बसलास तर बसलास, पण कानस खाली ठेवलीस ती परत उचलली नाहीस. वस्तीतले सगळ्यात हलके हात पेट्यांवर खिळे ठोकतायत. हे ऐकून मला इतका राग आला, की त्या दिवशी मी फुगवटा उतरवायला घेतला आणि एका बैठकीत उतरवला.

मग बाबांकडे गेले. डावी नळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हात लावून बघा."

"कशाला? मेलेली आहे ती."

"मग चावणार नाही."

त्यांनी अंगठा फिरवला. तुला त्यांचा अंगठा माहीत आहे, डोळे गेले तरी तो पेन्शनीत निघालेला नाही. बाहेरच्या अंगाला आला आणि ते लगेच म्हणाले, "पोचा इथे होता." मग अंगठा खाली वळला, पोटाकडे, आणि थांबला. उतरवलेला फुगवटासुद्धा त्याला कळला.

"मापलंस?"

"मापलं."

"आतून?"

"सगळीकडून."

"पगेटला बोललीस?"

"नाही."

"वाचलो. त्याला बोलली असतीस तर आत्ता वूल्व्हरहॅम्प्टनच्या बसमध्ये चर्चा चालू असती."

मी हसले नाही. त्यांनाही मी हसायला नकोच होतं. त्यांनी नळीवर हात ठेवला, मांजरावर ठेवतात तसा. मग खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले. ते बोलले तसंच लिहितेय.

"नळी सरळ आहे का, ते बघायला मी ती त्या खिडकीसमोर धरायचो. चौकटीच्या वरच्या कडेची सावली नळीच्या आत पडते. रेघ सरळ तर भोक सरळ. त्या वर्षी मला त्या रेघा दोन दिसायला लागल्या. मी त्यातली एक धरून पोखरत गेलो."

"चुकीची?"

"अर्ध्या वेळेला."

"आणि सांगितलं नाहीत."

"कुणाला सांगू? आंधळा नळीवाला! दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं असतं, बये. तुम्ही दोघं, तुमची आई, सगळे रस्त्यावर. तो काय, एकोणीस वर्षांचा. चार दिवस लोक हसतील, पाचव्या दिवशी विसरेल, असं वाटलं. तो सहाव्या दिवशी बोटीवर चढला."

म्हणून त्या वर्षानंतर त्यांनी पोखरायचं काम बंद केलं होतं. आम्हाला सांगितलं होतं, त्यात आता राम नाही. आणि तुझं बाक मला दिलं. दिलं म्हणजे मी बसले आणि मला कुणी उठवलं नाही.

"एक वेळ तेव्हा गप्प बसलात ते समजेन," मी म्हटलं. "पण दर वर्षी उभं राहून सांगायची काय गरज होती?"

"पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं, पोरगा कुठाय. सांगितलं. हसले. एकदा हसले की दुसऱ्या वर्षी परत मागतात. मग आपणच जरा रंगवून देतो." नळीवर अंगठा फिरवत म्हणाले, "सापावर फार हसायचे."

"येत्या नोव्हेंबरात तुम्ही खरी गोष्ट सांगायची. तिथेच. उभं राहून."

"नोव्हेंबर फार लांब आहे, बेरिल."

तू त्याचा अर्थ लावत बसू नकोस. लागतोच आहे.

मग त्यांनी उरलेली बंदूक मागितली. मी आणून दिली. त्यांनी उजवी कळ चाचपली, घोड्याच्या मानेवरून बोट फिरवलं. मग डावीकडे हात गेला आणि घोडा बसवायच्या रिकाम्या खुंटीवर आला.

"डावा तो घेऊन गेला," ते म्हणाले.

हो, क्लेम. मला माहीत होतं. तू गेलास त्या सकाळपासून. जुना डावा घोडा मोडका होता आणि नवा तू घडवला होतास, उजव्याला आरशात पाहून करावा तसा. तो सोडून या घरातलं काहीही तू नेलं नाहीस. नेलास ते बरं केलंस, तुझाच होता. तीस वर्षांत मी त्याचं नाव काढलं नाही कारण तूही काढलं नाहीस, आणि आपल्या घरात न बोलणं हा सगळ्यात जुना धंदा आहे, बंदुकांच्या आधीचा.

पण चाप ओढल्यावर काडतुसावर डोकं आपटायला घोडा हवाच. त्याशिवाय प्रूफ हाउसवाले बार काढणार कसा? म्हणून मी एक केला. पंधरा दिवस खपले. नॉर्मननं बघितला आणि म्हणाला, "छान आहे पोपट." बाबांच्या हातात दिला. त्यांनी उलटासुलटा केला.

"हा कुणी केला? पोस्टखात्यानं?"

"मी."

"चालेल. मारायला चालेल." मग परत देताना, अगदी सहज, "याला मान नाही. क्लेमच्याला मान होती."

तुला आयुष्यात त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. मी साक्षीदार आहे. सांभाळून ठेव.

नळ्या आता श्रूजबरीजवळच्या एका माणसाकडे गेल्यात. तो आतून पातळ पोलादी अस्तर बसवून देतो, बाहेरची वीण तशीच ठेवून. परत आल्या की मी त्या जोडणार, मग प्रूफ हाउस. फुटल्या तर फुटल्या. पण तुझ्या ठशासकट जाणार आहेत. तो घासून टाकू का, असं त्या माणसानं विचारलं होतं. मी त्याला जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

बेरिल


बर्मिंगहॅम
९ मार्च १९९७

प्रिय क्लेम,

हवा बरी आहे. नॉर्मन बरा आहे. बाबांचं शेवटी लिहिते.

नळ्या फेब्रुवारीत परत आल्या. जोडायला मला आठवडा लागला. दिव्याची काजळी धातूवर धरायची, नळी बसवायची, काढायची, जिथे काळं लागलं तिथे कानशीचा एक हात, पुन्हा काजळी. दोन्ही धातूंना सगळीकडे सारखं काळं लागेपर्यंत. तेवढ्या दिवसांत माझं नाक, टॉवेल आणि नॉर्मनचा चहा सगळं काळं झालं. शेवटी बंदूक मिटली तेव्हा आवाज आला तो मोठ्या घराचं दार लागावं तसा. धाड नाही, खट नाही. नुसतं लागलं.

बाबा बैठकीतून ओरडले, "हं!"

प्रूफ हाउसला मीच घेऊन गेले. तिथला माणूस नळ्यांकडे बघून म्हणाला, "बाई, या वयात हिला कशाला त्रास देताय?" मी म्हटलं, "माझ्याबद्दल बोलताय की बंदुकीबद्दल?" त्यानं पावती फाडली.

ते लोक बंदूक ठेवून घेतात आणि नंतर बोलावतात, तुला माहीत आहे. त्या दिवसांत मी तीन दस्ते पॉलिश केले आणि तिन्ही पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. बाबा रोज सकाळी विचारायचे, "धुकं आहे का?" मी म्हणायची, "नाही." मग ते म्हणायचे, "मग टपाल वेळेवर येईल." टपालाशी प्रूफ हाउसचा काही संबंध नाही.

बोलावणं आल्यावर गेले. माणसानं बंदूक फडक्यातून काढली आणि उलटी करून दाखवली. डाव्या नळीच्या पोटाला, नापास झाल्याच्या जुन्या फुलीच्या शेजारी, पास झाल्याचा नवा मुकुट. उजवीला तसाच. नळी होती तशी. साप नाही, बेडूक नाही. मी त्या माणसाचा हात हातात घेतला आणि तो सोडायचं विसरले. शेवटी तो म्हणाला, "बाई, मला दुसरीही कामं आहेत."

घरी आणली. मग नळ्यांना रंग चढवला. जगात सगळे गंज काढतात आणि आपण चढवतो, हे नॉर्मनला अजून पटलेलं नाही. गंज येऊ द्यायचा, उकळायचा, घासायचा, पुन्हा गंज. दहाव्या खेपेला वीण अशी वर आली, की मी दिवा लावायच्या आधी बाबांना हाक मारली आणि मग आठवलं. ते म्हणाले, "सांग." मी सांगितलं. तांबूस तपकिरी, त्यात चांदीची बारीक वळणं, नळीभर, आणि डाव्या बाजूला एके ठिकाणी जरा पसरलेली. "ती क्लेमची जागा," ते म्हणाले.

मंगळवारी त्यांनी दुकानात न्यायला सांगितलं. पायऱ्या दोनच, पण आम्हाला वेळ लागला. नॉर्मन होताच, कपासकट. बाबा तुझ्या बाकापाशी बसले आणि म्हणाले, "नळ्या वेगळ्या कर. उलट्या ठेव. आणि माझा ठसा आण."

"कुठला ठसा?"

"एच. डी. डाव्या खणात, मागे. कुणी हलवला नसेल तर."

कुणी हलवला नव्हता. त्यांनी अंगठ्यानं नळीचं पोट चाचपलं. प्रूफ हाउसचे मुकुट ओलांडून तो पुढे सरकला आणि तुझ्या सी. डी. वर थांबला. तिथेच ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं ठसा टेकवला, अगदी शेजारी.

"हॉरेस," नॉर्मन म्हणाला, "हे काय? पोखरणारा कधी ठसा मारतो का?"

"आजपासून मारतो."

"पण का?"

"कारण ही नळी मी बिघडवली, पगेट. पोरानं नाही. माझे डोळे गेले होते आणि मी गप्प बसलो. आता हे तू वस्तीत सांग. नीट सांग, आणि साप घालू नकोस."

मग हातोडी मारली. ठसा घसरला, आणि एच दोनदा उमटला, एक खोल आणि त्याच्या मागे एक पुसट. त्यांना एकाच्या दोन रेघा दिसायच्या तसाच. त्यांनी अंगठ्यानं बघितलं आणि विचारलं, "घासून काढशील?"

"नाही," मी म्हटलं.

नॉर्मन निघून गेला. कप अर्धा भरलेला तसाच ठेवून. असं याआधी कधी घडलेलं नाही. संध्याकाळपर्यंत स्प्रिंगवाल्याची विधवा, दोघे नक्षीवाले आणि कोपऱ्यावरचा पबवाला, सगळ्यांना कळलं होतं. वस्ती आक्रसली त्याचा एवढा एक फायदा. पबवाला दारात येऊन म्हणाला, "तुमच्या क्लेमला सांगा, त्याचा ग्लास इथे भरलेला आहे." बिअर शिळी होते हे त्याला माहीत आहे, तरी म्हणाला.

बाबांचं लिहायचं राहिलं. डॉक्टर बाई आता 'बघू' म्हणत नाहीत. खोकला बराचसा थांबलाय, कारण खोकायलाही जोर लागतो. पण रोज सकाळी त्यांना दुकानात यायचंच असतं. येतात, बंदूक मांडीवर घेतात, आणि डावीकडच्या त्या चौकोनी खुंटीवर बोट ठेवतात. काल म्हणाले, "तिकडे आता तोडणीचे दिवस असतील."

मी म्हटलं, "असतील."

"सफरचंदं झाडावरून आपोआपही पडतात, नाही का गं?"

मी म्हटलं, मी तसं ऐकलंय.

माझा पोपट मी प्रूफनंतर काढला. तो आता बिलं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलाय, त्या कामाला फार शोभतो. बंदूक तुझ्या बाकावर आहे. दस्त्याचं तेल जिरलंय, चाप हलका लावलाय, उजवा घोडा मान वळवून डावीकडे बघतोय आणि डावीकडे काही नाही. ती खुंटी तू स्वतः घासून तुझ्या घोड्याच्या मापाची केली होतीस. दुसरा कुठलाही तिच्यावर डुगडुगतो, माझाही डुगडुगत होता. तो बसवायला दोन मिनिटं लागतील. बाबा म्हणतात एक.

क्लेम, तो घोडा पोस्टानं पाठवू नकोस.

तुझी वाट बघणारी नव्हे, तुझं बाक रोज झाडून ठेवणारी,
बेरिल